घरच्या स्विमिंग पूलला कुंपण: नियम, माप आणि गेट

पत्राचा सारांश

सीबीडी बेलापूरहून एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. कडेचं रो-हाउस, मागे अंगण. त्यात ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल पूल बांधून झाला आहे. टाइल्स बसल्या आहेत, महिन्याभरात पाणी भरायचं आहे. हॉलचं स्लायडिंग दार थेट पूलच्या बाजूला उघडतं. घरात अडीच वर्षांची मुलगी, सासू-सासरे आणि दिवसभर कामाला असलेली एक मावशी. सासरे म्हणतात, प्लॉटला दीड मीटरची भिंत आहे, पुढच्या गेटला कुलूप आहे, घरात कायम कुणीतरी असतं. पोरीला पोहायला शिकवा, कुंपणाचा तुरुंग कशाला? मिस्टरांना काचेचं कुंपण हवं आहे. फॅब्रिकेटरने ९०० मिलिमीटर उंचीचं, तीन आडव्या पाइपांचं, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं रेलिंग आणि कडीचं गेट सुचवलं आहे, आणि 'नियमात बसतं' असं सांगितलं आहे. ताई विचारतात: नेमका नियम काय? यातलं काय घ्यावं? आणि घरात वाद न होता हे पटवावं कसं?

उत्तर

ताई, पाणी भरण्याआधी विचारलंत हे फार बरं झालं. बहुतेक घरांत कुंपणाचा विचार पूल वापरात आल्यावर सुरू होतो. तोवर डेकची फरशी बसलेली असते, पाइप कुठून गेलेत ते कुणाला आठवत नाही आणि खांब रोवायला जागा उरत नाही.

आधी 'नियमात बसतं' या शब्दांकडे बघू. कुठल्या नियमात, हे फॅब्रिकेटरला विचारा. ऑस्ट्रेलियात ३० सेंटिमीटरहून खोल पाणी धरणाऱ्या घरगुती पूलला कुंपण सक्तीचं आहे आणि त्याची मापं एएस १९२६ या मानकात दिलेली आहेत. फ्रान्सने जानेवारी २००३ मध्ये कायदा करून जमिनीतल्या खाजगी पूलला कुंपण, अलार्म, सुरक्षा कव्हर किंवा बंदिस्त छत यांपैकी एक तरी असलंच पाहिजे असं ठरवलं. आपल्याकडे घरगुती पूलच्या कुंपणासाठी देशपातळीवर असा स्वतंत्र कायदा नाही. तुमचा फॅब्रिकेटर बहुधा जिन्याच्या रेलिंगची सवयीची उंची सांगतो आहे. जिन्याचं रेलिंग मोठ्या माणसाचा तोल सांभाळण्यासाठी असतं. अडीच वर्षांच्या मुलीला पाण्यापर्यंत पोचू न देणं हे वेगळं काम आहे आणि त्याची मापंही वेगळी आहेत.

स्वतंत्र कायदा नाही म्हणून जबाबदारी टळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेजारचं मूल तुमच्या अंगणात आलं आणि अनर्थ झाला, तर 'आमच्याकडे कुंपणाचा नियमच नव्हता' हे उत्तर पुरेल असं धरून चालू नका. बांधकामाची बाजूही एकदा तपासून घ्या. पूल मंजूर नकाशात दाखवला आहे का, प्लॉटच्या मोकळ्या मार्जिनमध्ये तो चालतो का, जागा सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर परवानगी कुणाची लागते, हे तुमच्या आर्किटेक्टकडून लेखी घ्या. कुंपण आणि भिंतीची उंची त्याच कागदात येऊ द्या.

म्हणून सल्ला असा: ऑस्ट्रेलियाचं माप धरा. ते मुलांची उंची, चढण्याची पद्धत आणि हाताची पोच लक्षात घेऊन केलेलं आहे, आणि आपल्याकडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये त्या मापाचं काम करता येतं.

आता सासऱ्यांचा मुद्दा. त्यांचं बोलणं काळजीपूर्वक ऐकलं तर त्यात तीन गृहीतकं आहेत, आणि ती बहुतेक घरांत असतात.

पहिलं म्हणजे कंपाउंडची भिंत. ती रस्त्यावरून येणाऱ्याला अडवते. तुमची मुलगी रस्त्यावरून येणार नाही, हॉलमधून येणार आहे. म्हणून कुंपण घर आणि पाणी यांच्या मध्ये हवं. नुसत्या हद्दीच्या कुंपणात घराची भिंत हीच एक बाजू धरली जाते आणि त्या बाजूला दार असतं. चारही बाजूंनी पूल वेगळा करणाऱ्या कुंपणामुळे मुलांच्या बुडण्याचा धोका अशा तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा ८३ टक्क्यांनी कमी होतो, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. कंपाउंडची भिंत चौथी बाजू म्हणून चालू शकते, कारण तिच्यात घराचं दार नाही. घराची भिंत मात्र चालणार नाही.

दुसरं, घरात कायम कुणीतरी असतं. असतंच. पण मूल पाण्यात पडतं तेव्हा सहसा आरडाओरडा होत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाज काढायला श्वास उरत नाही. कुकरची शिट्टी, दारावरचं कुरिअर, आजोबांचा फोन, एवढा वेळ पुरेसा असतो. घरात चार माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, मुलगी दुसऱ्याकडे आहे. यात कुणाचाही हलगर्जीपणा नाही, गजबजलेलं घर असंच चालतं. कुंपण लक्ष ठेवण्याची जागा घेत नाही. ते दोन मिनिटं जास्तीची देतं, आणि त्या दोन मिनिटांत मुलगी कुठे आहे हे कुणाच्या तरी लक्षात येतं.

तिसरं, पोहायला शिकवा. जरूर शिकवा. पण कपड्यांसकट, अचानक, घाबरलेल्या अवस्थेत पाण्यात पडणं वेगळं आणि क्लासमध्ये सरांसमोर पोहणं वेगळं. या वयात पोहणं शिकल्याने धोका कमी होतो, संपत नाही. बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात.

आता मापं. ही जरा बारकाईने वाचा, कारण चुका मिलिमीटरमध्ये होतात.

उंची किमान १२०० मिलिमीटर, आणि ती मूल जिथे उभं राहील त्या बाहेरच्या जमिनीपासून मोजायची. अंगणात आज माती असेल आणि उद्या ६० किंवा ८० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक बसले, तर कुंपण तेवढं बुटकं होतं. म्हणून फॅब्रिकेटरला १३०० मिलिमीटर सांगा. जमीन आणि कुंपण यांत १०० मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, आणि मातीवर त्याहून बरीच कमी ठेवा. आपल्या पावसात पागोळ्यांखालची माती एका मोसमात बोटभर सहज धुपते. शक्य असेल तर कुंपणाच्या रेषेखाली सिमेंटची पट्टी ओतून घ्या.

उभ्या गजांमधली मोकळी जागाही १०० मिलिमीटरच्या आत. इथे गणित करून बघायला हवं. दोन खांबांमध्ये १८०० मिलिमीटर मोकळी जागा आणि २० मिलिमीटरचे चौकोनी गज धरले, तर १४ गजांमध्ये १०१ मिलिमीटरची फट राहते, म्हणजे माप चुकलं. १५ गज लावले तर ९४ आणि १६ लावले तर ८७. वर्कशॉपमध्ये गज वाचवायचा मोह होतो, आणि वेल्डिंग करताना एखादा गज पाच मिलिमीटर सरकतोच. म्हणून १६ गज असं लिहूनच द्या. माल आला की बरोबर १० सेंटिमीटर रुंदीचा लाकडी ठोकळा कापून प्रत्येक फटीत घालून बघा, जरा जोर लावून. गज पातळ असेल तर तो वाकतो आणि ठोकळा आत जातो. असं पॅनल परत पाठवा. तपासायला चार इंची ड्रेनेज पाइपचा तुकडा वापरू नका. त्याचा बाहेरचा व्यास ११० मिलिमीटर असतो, त्यामुळे १०५ ची चुकीची फटही पास होते.

आडवे पाइप हा तुमच्या कोटेशनमधला सगळ्यात मोठा दोष आहे. तीन आडव्या पाइपांचं रेलिंग म्हणजे मुलासाठी तयार शिडीच. आडव्या पट्ट्या दोनच असाव्यात, एक खाली आणि एक वर, आणि त्यांच्यातलं अंतर किमान ९०० मिलिमीटर हवं. खालची जमिनीपासून ४० वर, वरची ११५० च्या पुढे, असं केलं की ते जमतं. दोन्ही पट्ट्या पूलच्या बाजूला वेल्ड करायला सांगा, म्हणजे बाहेरून पाय टेकायला काहीच मिळत नाही. डिझाइनसाठी मध्ये नक्षी, गोल, पानं-फुलं अजिबात नकोत. जाळी हवी असेल तर तिची भोकं इतकी बारीक असावीत की पायाचा अंगठा अडकणार नाही. कंपाउंडला लावतात ती मोठ्या चौकटीची चेनलिंक जाळी मुलं भराभर चढतात.

आणि कुंपणाबाहेर ९०० मिलिमीटरचा पट्टा कायम रिकामा. हा नियम कागदावर सोपा वाटतो आणि घरात सगळ्यात आधी हाच मोडतो. कुंडी, प्लॅस्टिकची खुर्ची, एसीचं आउटडोअर युनिट, बाहेरच्या नळाचा कट्टा, कपडे वाळत घालायचा स्टँड, मुलीचीच तीनचाकी सायकल. यांतली कुठलीही वस्तू कुंपणाला टेकली की १२०० मिलिमीटरचं कुंपण ७०० चं होतं. तुळशी वृंदावन आधीपासून तिथे असेल तर कुंपणाची रेषा त्याच्यापासून दूर घ्या, वृंदावन हलवायची गरज नाही.

आता ही रेषा तुमच्या अंगणात आखून बघू. पूलभोवती एक मीटर डेक सोडला तर आयत ८ बाय ५ मीटरचा होतो. मागची ८ मीटरची बाजू कंपाउंडच्या भिंतीला लागते. उरल्या तीन बाजू, ८ अधिक ५ अधिक ५, म्हणजे १८ मीटर. त्यातला एक मीटर गेटचा. हॉलचं दार आणि कुंपण यांत किमान सव्वा मीटरचा पॅसेज सोडा, कारण गेट त्या पॅसेजमध्ये उघडणार आहे. जागा कमी पडत असेल तर डेक अरुंद करा, पॅसेज नव्हे. मागच्या भिंतीबद्दल दोन गोष्टी. हद्दीची भिंत कुंपण म्हणून धरायची तर ती १८०० मिलिमीटर हवी, तुमची १५०० आहे. पलीकडे लहान मुलं राहत असतील तर परवानगीच्या मर्यादेत वर ३०० मिलिमीटरची उभ्या गजांची ग्रिल चढवा, किंवा चौथ्या बाजूलाही कुंपण घ्या. मग एकूण लांबी २६ मीटर होईल. दुसरं म्हणजे कुंपण भिंतीला जिथे मिळतं तो कोपरा. तिथे फट राहते, किंवा जवळच्या नळाच्या कट्ट्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून आत उतरता येतं. तो कोपरा स्वतः मुलीच्या उंचीवर बसून बघा. कुंपणाच्या आत उघडणारी खिडकी असेल तर तिला पक्की ग्रिल लावा.

यानंतर गेट. पैसे मर्यादित असतील तर इथे कंजुषी करू नका, बाकी कुंपण साध्या लोखंडाचं घ्या. कुंपण निकामी होतं ते बहुधा गेटपाशीच.

गेट पूलच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे बाहेर उघडलं पाहिजे. मग मूल आतल्या दिशेला ढकलत राहिलं तर गेट आणखी घट्ट बसतं. ते हात न लावता आपोआप बंद झालं पाहिजे आणि लॅचही आपोआप लागलं पाहिजे. तुमच्या कोटेशनमधली कडी माणसाने आठवणीने लावायची आहे, म्हणून ती बाद. ताण कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या आणि वरून ओढायचं मॅग्नेटिक लॅच घ्या. लॅचची मूठ जमिनीपासून १५०० मिलिमीटरवर येते. कुंपण त्याहून बुटकं असल्याने गेटचा लॅचकडचा खांब उंच करावा लागतो. ही गोष्ट फॅब्रिकेटरला ड्रॉइंगवर दाखवा, नाहीतर तो लॅच कुंपणाच्या उंचीवरच बसवून मोकळा होतो. सासूबाईंना आणि सासऱ्यांनाही या उंचीवरची मूठ सोयीची पडते, वाकावं लागत नाही.

गेटची चाचणी तीन जागांवरून करा: पूर्ण उघडून सोडा, अर्धं उघडून सोडा, आणि लॅचपासून पाच सेंटिमीटरवर आणून अलगद सोडा. तिसऱ्या चाचणीत बहुतेक गेटं नापास होतात, कारण तिथे वेग नसतो आणि लॅचवर नुसतं टेकून राहतं. दुरून बंद दिसणारं पण न लागलेलं गेट सगळ्यात घातक. स्प्रिंगचा ताण वाढवून बघा. तरीही लागत नसेल तर खांब ओळंब्यात नाही.

खांब का कलतो हे समजून घेतलं की पुढचा त्रास वाचतो. गेटचं सगळं वजन एका खांबावर लटकतं. नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी भरावाची जमीन आहे, पावसाळ्यात ती मऊ पडते, छोटा पाया एका बाजूला दबतो, आणि खांब वरच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटर जरी हलला तरी लॅचची जोडी जुळत नाही. म्हणून गेटच्या दोन्ही खांबांना ४५० बाय ४५० मिलिमीटरचा आणि ६०० खोल काँक्रीटचा पाया द्या, शक्य असेल तर दोन्ही पाये जमिनीखाली एका पट्टीने जोडा, आणि किमान सात दिवस पाणी मारल्यावरच गेट टांगा. बाकीच्या खांबांना ३०० बाय ३०० आणि ४५० खोल पुरतं. तयार काँक्रीटच्या डेकवर बेस प्लेट बसवणार असाल तर प्रत्येक प्लेटला चार अँकर बोल्ट लावा आणि ते स्लॅबच्या कडेपासून १०० मिलिमीटर आत घ्या, नाहीतर कडेचा टवका उडतो. ड्रिल करण्याआधी पूलच्या ठेकेदाराकडून रिटर्न लाइन (पंपाकडून पूलमध्ये पाणी परत नेणारा पाइप) आणि लाइटचे कंड्युट (वायरच्या नळ्या) कुठून गेलेत त्याचा नकाशा घ्या. एक पाइप फुटला तर नवी फरशी उखडावी लागेल. ठाण्यात घोडबंदर रोडकडे डुप्लेक्सच्या टेरेसवर पूल असणाऱ्यांनी तर वॉटरप्रूफिंगच्या थराला भोकच पाडू नये. तिथे खांब पॅरापेटच्या आतल्या बाजूला किंवा वेगळ्या काँक्रीटच्या कट्ट्यात घ्यावेत, आणि त्या कट्ट्याचा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावा.

आता कुठला माल घ्यावा ते. खाडीजवळच्या हवेत मीठ आहे आणि पूलजवळ क्लोरीन. ३०४ स्टीलवर अशा जागी तपकिरी डाग लवकर धरतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते टिकतं. बाजारात २०२ ग्रेड ३०४ म्हणून आणि ३०४ हे ३१६ म्हणून विकलं जातं, आणि लोहचुंबकाने ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून माल येवो की कुठूनही, मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूत काय किती आहे याचा कारखान्याचा दाखला) मागा आणि मॉलिब्डेनम ओळखणारं थेंबांचं किट वापरून तुमच्यासमोर तपासायला सांगा. वेल्डिंगची सळईही ३१६ चीच हवी, नाहीतर गंज बरोबर जोडावर उमटतो. आणखी एक गोष्ट हमखास घडते: पंपरूममध्ये ॲसिडचा कॅन ठेवतात, त्याच्या वाफेने शेजारच्या गेटच्या बिजागऱ्या पोखरल्या जातात. ॲसिड आणि क्लोरीन एकमेकांपासून आणि कुंपणापासून दूर, कुलपात ठेवा. स्टील पुसायला मावशींना ॲसिड देऊ नका, आठवड्यातून एकदा साधं पाणी मारणं पुरतं.

खर्च आवरायचा असेल तर माइल्ड स्टील घ्या, दोन मिलिमीटर जाडीचा पाइप, सगळं वेल्डिंग झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून काढणं) आणि त्यावर पावडर कोटिंग. बंद पाइपांना हवा जायला भोकं ठेवावी लागतात, नाहीतर वितळलेल्या जस्ताच्या टाकीत पाइप फुटतो. हे ज्याला माहीत नाही त्याला काम देऊ नका. साइटवर येऊन कापाकापी आणि वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि पहिल्या पावसात तिथूनच गंज सुरू होतो, म्हणून मापं आधी पक्की करा. अॅल्युमिनियम हलकं आणि या हवेला चांगलं, पण ओल्या सिमेंटला लागलं तर खातं. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबरी रंग द्यायला लावा.

तुमच्या मिस्टरांची काचेची कल्पना सोडून देण्याजोगी नाही. काचेवर चढायला पाय ठेवायला जागा नाही आणि स्वयंपाकघरातून पूल स्वच्छ दिसतो, हा खरा फायदा आहे. १२ मिलिमीटरची टफन्ड काच, आयएस २५५३ या भारतीय मानकाची खूण कोपऱ्यात कोरलेली, खालचे स्पिगॉट (काच धरणारे छोटे खांब) ३१६ किंवा डुप्लेक्स या गंजाला टिकणाऱ्या स्टीलचे. टफन्ड झाल्यावर काच कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्यामुळे बिजागरीची भोकं आधीच मोजून द्यावी लागतात. क्वचित काचेतल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे टफन्ड काच आपोआप फुटते, म्हणून हीट सोक केलेली, म्हणजे कारखान्यातच तापवून तपासलेली काच मागा. फुटली तर सुटलेल्या जागी त्याच दिवशी काहीतरी लावायची तयारी हवी. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर काचेवर पांढरे डाग बसतात आणि रोज पुसावी लागते. माझं मत असं: घराकडच्या आठ मीटरला काच, दोन बाजूंना उभे गज, आणि गेट धातूचं. काचेच्या गेटच्या बिजागऱ्या जड पानाने लवकर ढिल्या होतात. काच नको असेल तरी कुंपणावर हिरवी जाळी किंवा बांबूची चटई बांधू नका, आतलं दिसलंच पाहिजे.

धातूचं कुंपण म्हणजे विजेचा विचार आलाच. पंपाची बॉडी, पूलची स्टीलची शिडी आणि हाताच्या पोचेत येणारं कुंपण हे तांब्याच्या वायरने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेलं हवं, म्हणजे दोन वस्तूंना एकाच वेळी हात लागला तरी त्यांच्यात व्होल्टेजचा फरक राहत नाही. पंप आणि लाइटच्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे. हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

कव्हर टाकलं तर कुंपण टाळता येईल का, हा प्रश्न तुमच्या घरात येईलच. निळं बुडबुड्यांचं सोलर कव्हर पाणी गरम ठेवण्यासाठी असतं. मूल त्यावर पाय ठेवतं, खाली जातं आणि वरून दिसत नाही. ताडपत्रीवर पावसाचं पाणी साचलं तर तेवढ्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. वजन पेलणारं सुरक्षा कव्हर वेगळं असतं, पण ते प्रत्येक वेळी लावावं लागतं. पूल वापरून दमलेलं घर ते रोज लावेलच असं नाही. अलार्म आणि हॉलच्या दाराचा सेन्सर कुंपणाच्या जोडीला चांगले, बदली म्हणून नाही.

सासऱ्यांना पटवण्याबद्दल. वाद 'कुंपण हवं की नको' असा मांडला की ते त्यांच्या बाजूला घट्ट उभे राहतील. त्यांचं 'तुरुंग' हे म्हणणं खोडू नका. त्यात अंगण मोकळं दिसावं ही इच्छा आहे आणि ती रास्त आहे. त्यांना काच आणि बारीक उभे गज यांचे नमुने दाखवा, रंग त्यांना निवडू द्या. नातीची सध्याची उंची, हात वर केल्यावरची पोच आणि त्यांच्या आरामखुर्चीची उंची अशी तीन मापं एका कागदावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या. बहुतेक वेळा पुढे बोलावंच लागत नाही. आणि गेटची महिन्याची तपासणी त्यांच्याकडे द्या: तीन जागांवरून सोडून बघणं, स्प्रिंगचा ताण, लॅचमधला कचरा, बाहेरचा ९०० मिलिमीटरचा पट्टा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खांबांना ओळंबा लावणं हेही त्यांच्याकडेच. घरात गणपती किंवा दिवाळीचे पाहुणे असले की कुणीतरी हटकून गेटला वीट लावून ते उघडं ठेवतं, कारण ताटं-पेले न्यायचे असतात. अशा दिवशी गेटपाशी एक मोठं माणूस नेमावं, त्याच्याकडे दुसरं काम नसावं, आणि दर अर्ध्या तासाने माणूस बदलावा. पोहून झाल्यावर फुगे, चेंडू, रंगीत खेळणी पाण्यात ठेवू नका, त्यांच्या ओढीनेच मूल कुंपणापाशी येतं.

फॅब्रिकेटरच्या वर्क ऑर्डरमध्ये मापं शब्दशः उतरवा: १३०० उंची, १६ गज, आडव्या पट्ट्या पूलच्या बाजूला आणि ९०० च्या अंतरावर, खालची फट ५० च्या आत, बाहेर उघडणारं आपोआप बंद होणारं गेट, १५०० वर लॅच, धातूचा ग्रेड सर्टिफिकेटसह. शेवटचे वीस टक्के पैसे ठोकळ्याची आणि गेटची चाचणी पास झाल्यावर द्यायचे, हेही त्यातच लिहा.

कुंपण होईपर्यंत पूल रिकामा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सव्वा मीटरच्या खड्ड्यात पडून डोकं फुटू शकतं, आणि एका रात्रीच्या पावसात तळाला वीतभर पाणी साचतं. तळ उपसून टाकत राहणं हाही मार्ग नाही. भरावाच्या जमिनीत पावसाळ्यात भूजल वर येतं आणि रिकाम्या पूलचं कवच खालच्या दाबाने उचललं जाऊन तडकू शकतं, म्हणून उपसण्याआधी ठेकेदाराला विचारा. तोवर हॉलच्या स्लायडिंग दाराला १५०० मिलिमीटरवर जास्तीची कडी लावा आणि पूलभोवती बांधकामावर वापरतात ते पत्र्याचे उंच बॅरिकेड एकमेकांना बोल्टने जोडून उभे करा. घरातल्या सगळ्यांनी, मावशींनीसुद्धा, कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण या महिन्यातच घ्यावं. बुडालेल्या मुलाला आधी श्वास द्यायचे असतात, मग दाब, आणि हे हाताला सवय झाल्याशिवाय ऐन वेळी जमत नाही. १०८ आणि ११२ हे दोन नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता गेटच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावा. पाण्याचा टँकर गेटची तिसरी चाचणी पास झाल्यावरच बोलवा.